सिकंदरच्या बाटलीतलं सरबत

कोल्हापूर,
ता. १२ जून १९७४

लालबी भाभी यांस,

हंबीररावचा सलाम. इकडं घरी सगळे बरे आहेत. तालमीच्या फुटबॉल संघात सिकंदरच्या जागी अजून कुणाला उभं केलेलं नाही. पोरं तयार होत नाहीत. तो गेल्यावर त्याच्या चाळिसाव्याला मी आलो नाही. कंबर धरलीय असं कळवलं होतं. कंबरेला काही झालं नव्हतं.

तुमच्या मौलालीचं पत्र मिळालं. तुम्ही धड जेवत नाही. "माझ्या हातचं सरबतच नासलं असंल, त्यानंच माझं पोरगं गेलं," असं म्हणत बसता, हे त्यानं लिहिलंय.

मौलाली, आता पुढचं अम्मीला मोठ्यानं वाचून दाखव. मध्ये थांबू नकोस.

भाभी, त्या सामन्याच्या दिवशी ऊन भाजून काढत होतं. मध्यंतराला सिकंदरनं पिशवीतनं बाटली काढली. "वस्ताद, अम्मीनं लिंबू, मीठ, साखर घालून दिलंय. दोन घोट घेऊ?"

खेळताना पाणी प्यालं की पोट जड होतं, पाय ओढतात, असं माझ्या वस्तादांनी मला शिकवलं. वीस वर्षं मीही तेच शिकवत आलो. मी म्हणालो, "खेळाय आलायस का सरबत प्याय?" आणि बाटली मातीत ओतली. पोरं हसली. तोही हसला, माझा मान राखायला.

उत्तरार्धात तो चेंडू घेऊन आपल्याच गोलाकडं निघाला. लोक हसले. मी ओरडलो, "सिकंदर, पळ की रं!" त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पळाला. मग पडला तो उठलाच नाही.

मयतीच्या दिवशी तुम्ही मला एवढंच विचारलंत, "माझं सरबत प्याला का हो त्यो?"

मी म्हणालो, "व्हय भाभी, सगळं."

"बरं झालं. तहानलेला न्हाय गेला," तुम्ही म्हणालात.

तुमचं सरबत त्याच्या ओठाला लागलंच नाही. काल डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, अंगातलं पाणी संपलं होतं. सरबत प्याला असता तर कदाचित वाचला असता.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं इचलकरंजीला येतोय. दार उघडायचं का नाही ते तुम्ही ठरवा. मी बाहेर उभा राहीन. पण त्याआधी तुम्ही दोन घास खा.

तुमच्या लेकराला तहानलेलं पळवणारा,
हंबीरराव