चिनी पाहुण्याच्या गोष्टीचा शेवट

मार्गशीर्ष अमावास्या, शके १८६४. जळकोट

येळवस. शाळेला सुट्टी. दरसालाप्रमाणं गफूरचाचांच्या रानात आंबिल, भज्जी, उंडे. भिंतीला भिंत लागून घर, त्यामुळं सणही एकच. बायको गोदाही आली, दोन घास खाल्ले, बोलली नाही. गेल्या येळवशीला आमची कृष्णी होती. उंडा हातात घेऊन बांधावरनं पळत होती. यंदा तिचं नाव कुणी काढलं नाही. आम्ही दोघांनीही नाही.

परतताना सडकेच्या कडेला लिंबाखाली एक माणूस पडलेला. जवळ सायकल, तिच्यावर कापडाचं गाठोडं. चिनी. असले रेशीमवाले सोलापुराकडनं येतात अधूनमधून, हा नवा. अंग तव्यासारखं तापलेलं. चाचांनी विचारलं, कुठं न्यायचं? मी विचार करतोय तोवर गो. म्हणाली, 'आपल्या घरी.' किती दिवसांनी तिनं काही ठरवलं. गाडीत घातला.

पौष शु. ३

हिवताप. नळदुर्गच्या दवाखान्यातून कोयनेल आणलं. लढाईमुळं मिळत नाही, तरी कंपाउंडरनं आतून काढून दिलं. त्याचं भलं होवो.

गावात दोन बोलणी. मास्तरनं पुण्य केलं, हे एक. मास्तरनं जपानी घरात घेतला, हे दुसरं. चाचा पारावर सांगून आले की जपानी नव्हे, चिनी. फरक कसा वळखायचा, असं लोकांनी विचारलं. चाचा म्हणाले, जपान्यांनी त्याचं घर जाळलंय. खरं तर पाहुणा अजून शुद्धीवर नाही. चाचांनी अंदाजानं ठोकून दिलं.

पौष शु. ८

ताप उतरला. ज्वारीची कण्हेरी, मग अर्धी भाकरी. नाव लिन. हिंदुस्थानी मोडकी, कलकत्त्यात शिकलेला. गो.ला 'बाई' म्हणतो. घर जळल्याचं विचारलं तर म्हणाला, होय, जळलं. चाचा माझ्याकडं बघून आकाशाकडं बघू लागले.

कापडाचा धंदा त्याचा नव्हेच. कलकत्त्याच्या एका गाववाल्यानं शिकवला. शांघायला हा कादंबऱ्या लिहायचा. नंतर सिनेमा कंपनीनं बोलावलं, तर पडद्यावरच्या गोष्टी नि त्यातलं बोलणंही लिहू लागला. लढाईवरच्या एका सिनेमापायी जपानी मागावर लागले म्हणून पळाला. बायको नि मुलगी तिच्या माहेरी. महिन्यात बोलावतो म्हणून निघाला होता. त्याला वर्षं झाली. आता पत्रही पोचत नाही. मुलीचं वय विचारलं, तर मनात हिशेब करू लागला आणि मधेच थांबला.

छापलेला लेखक मी जन्मात पाहिला नव्हता. तो आमच्या ओसरीवर, माझ्या घोंगडीत.

पौष पौर्णिमा

शाळा सुटल्यावर ओसरीवर गोष्ट. चाचा, मी. गो. उंबऱ्याच्या आत, सुपात ज्वारी निवडत. लिनच्या सगळ्यात गाजलेल्या सिनेमाची.

नदीकाठचं गाव. कापड रंगवणारी एक विधवा, तिची लहान पोर. लढाई येते. लोक होड्यांतून पलीकडं पळतात, गर्दीत पोरीचा हात सुटतो. आई पलीकडच्या काठानं गावोगाव विचारत फिरते. रंगानं हात कोपरापर्यंत निळे, धुऊन जात नाहीत. शेवटी एका देवळाच्या पायरीवर पोर बसलेली असते. आई हात पुढं करते, पोर हात बघून आईला ओळखते.

चाचा डोळे पुसत 'सुभानअल्ला' म्हणाले. मलाही आवरेना. गो. उठून आत गेली. सूप तिथंच.

पौष वद्य ४

गो. ओसरीकडं फिरकत नाही. वाढते नि जाते. लिननं विचारलं, बाई नाराज? म्हटलं, डोकं दुखतं. मग चाचांनीच त्याला बाजूला नेऊन सांगितलं, की यांची कृष्णी श्रावणात गेली, सहा वर्षांची, तापानं. बरं झालं त्यांनी सांगितलं. मला जमलं नसतं.

पौष वद्य ५

आजचं नीट लिहून ठेवतो.

सकाळी लिन चुलीच्या खोलीबाहेर जाऊन उभा राहिला. आत गेला नाही. म्हणाला, 'बाई, बेटी का नाम क्या था?'

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊकच, विचारणार कोण.

गो.नं फुंकणी खाली ठेवली. 'कृष्णी.' आणि मग बोलतच सुटली. तिला केस विंचरून घ्यायला आवडत नव्हतं. माझ्या टोपीत चिंचोके लपवायची. म्हशीला 'अहो म्हैसबाई' म्हणायची. मी दाराशी ऐकत उभा. म्हैसबाई मी विसरून गेलो होतो, इतक्या लवकर. लिनला अर्धंअधिक कळलं नसेल, पण हलला नाही.

मग त्यानं सांगितलं, की ही गोष्ट आधी पुस्तक होती. पुस्तकात पोर सापडत नाही. मेलेली कळते. सिनेमावाले म्हणाले, लोकांना रडत घरी धाडू नका, म्हणून पडद्यावर सापडवली.

गो. म्हणाली, 'मंग आमाला ते का सांगितलं? खरं का न्हाई सांगितलं?'

लिन उंबऱ्याशी खाली बसला. मग, 'मेरी भी एक है, बाई. सच्चा वाला मुँह से निकलता नहीं.'

तव्यावरची भाकरी जळली. तीच तिघांनी वाटून खाल्ली.

पौष वद्य १२

लिन आता हिंडतो. चाचांबरोबर रानात हुरडा. गो. रोज काहीतरी बोलते. संध्याकाळी माझ्याशी कृष्णीबद्दल बोलली. किती दिवसांनी. कुणाचे आभार मानावेत कळेना, म्हणून लिंबाखालच्या सडकेकडं बघून हात जोडले. येडेपणा. पण जोडले.

माघ शु. २

नळदुर्गच्या ठाण्याचा शिपाई आला. परदेशी माणूस, कागदपत्र नाहीत, लढाईचे दिवस. उद्या हजर करा. कुणी कळवलं ठाऊक नाही, शोधायचंही नाही. गो. म्हणाली, मी बी येते. म्हटलं, ठाण्यात बायकांचं काय काम. 'येते.'

माघ शु. ३

दमलोय. तरी लिहितो.

चाचांची गाडी. ठाण्याचे मुख्य अमीनसाहेब उतारवयाचे, बोलणं मऊ. म्हणाले, वरून हुकूम आहे, जपानचे हेर फेरीवाले बनून फिरतात. हा सायकलवाला, गावागावचे रस्ते याला माहीत. हैदराबादला पाठवायचा, तिथून छावणीत. लढाई संपेल तेव्हा सुटेल.

लिन म्हणाला, मी लेखक आहे. साहेब म्हणाले, कोणीही म्हणेल. दाखवायला काय आहे? काही नाही, सगळं तिकडं राहिलं. साहेब खुर्चीत रेलले. 'तो सुनाओ.' चेष्टाच असावी.

लिननं उभ्या उभ्या सांगितली. तीच. पण ओसरीवर सांगितली तशी नाही. ठाण्यात त्याचा आवाज खाली गेला, सगळ्यांना पुढं वाकून ऐकावं लागलं. मुन्शीनं टाक ठेवला. होड्या, गर्दी, सुटलेला हात. आई गावोगाव. देवळापर्यंत आला नि थांबला.

साहेबांनी विचारलं, 'फिर? मिली?'

साहेबांना 'मिली' ऐकायचं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मलाही वाटलं, म्हणून टाकावं, जीव वाचतोय. लिननं दाराकडं पाहिलं.

दारातून गो. बोलली. पदर डोक्यावर, नजर खाली. 'खरं हाय ते सांगा, भाऊ. गेली म्हणून सांगा. माजी बी गेली. सांगितल्यानं ती पुन्यांदा मरत न्हाई.'



लिननं सांगितलं. पलीकडच्या एका गावात म्हातारी तिला रानाकडं नेते, एक लहानसा उंचवटा दाखवते. म्हणते, पाण्यातून आली, आम्ही मूठमाती दिली, नाव ठाऊक नव्हतं. आई नाव सांगते. गावातलं एकेक माणूस ते नाव घेतं. आई मग त्याच गावात राहते, त्यांचं कापड रंगवते.

साहेबांनी मुन्शीचा टाक ओढून घेतला. मग म्हणाले, छावणी नको, हैदराबादच्या कचेरीला चिठ्ठी देतो, तिथं रीतसर कागद करून घे. जामीन कोण?

मी पुढं झालो. साहेबांनी हातानं थांबवलं. तुम्ही सरकारी नोकर, उद्या भलतंच व्हायचं. चाचा आधीच उठले होते. 'मैं हूँ, साब.' उंबऱ्याबाहेरच्या माणसासाठी घर नि रान अडकवलं त्यांनी.

 येताना चाचा बैलांना उगाच शाबासकी देत होते.

माघ शु. ४

शाळेत मुलांवर आज एकदाही ओरडलो नाही. त्यांनाच चमत्कारिक वाटलं.

माघ वद्य १

लिन गेला. सकाळच्या मोटारीनं हैदराबादकडं, सायकल टपावर बांधून. तिथं कागद, मग कलकत्ता, मग डोंगरांच्या वाटेनं जमेल तसं मायदेशी. नंतर गावोगाव विचारत जाणार म्हणाला, हसला. त्याला स्वतःलाच ऐकू आलं असावं, हसू थांबलं.

गो.नं भाकऱ्या, शेंगांची चटणी बांधून दिली. म्हणाली, 'लेक घावली तर कळवा. न्हाई घावली तरी कळवा.' त्यानं चाचांच्या पायाला हात लावला. कुठं शिकला? चाचांनी मिठी मारली.  मला बोलायचं ते मोटार गेल्यावर सुचलं.

चैत्र शु. १, शके १८६५

पाडवा. गो.नं गुढीला कृष्णीचं जरीच्या खणाचं परकर-पोलकं बांधलं. विचारलं नाही, बांधलं. छान दिसलं.

चाचांचा भाचा हैदराबादहून आला. सांगत होता, एका चिन्याला कागद मिळाले, कलकत्त्याच्या गाडीत बसला. चाचांवरचा जामीन उतरला म्हणायचा. पण तो लिनच का, हे भाच्याला सांगता येईना. उंच होता का? बसलेला होता म्हणे.

वैशाख वद्य ६

पत्र नाही.

गो.नं जगाचा नकाशा मागितला. शाळेला सुट्टी, म्हणून घरी आणला. भुईवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या. आपण कुठं, विचारलं. दाखवलं. जळकोट त्यात नाही, अंदाजानं बोट ठेवलं. मग लिनचं शहर दाखवलं, पार टोकाला.

'लई पानी हाय मदी.'

म्हटलं, जमिनीनंही जाता येतं, या डोंगरांवरनं. तिनं बोट डोंगरांवरनं हळूहळू नेलं, एकेक खिंड शोधल्यासारखं. वाटेत थांबली, परत निघाली.

म्हटलं, नकाशा उद्या शाळेत परत ठेवतो. म्हणाली, 'ऱ्हाऊ द्या अजून थोडे दिस.'

ठेवलाय.