न विझणारी स्क्रीन

सोमवार, ३ मार्च

मेली ही स्क्रीन बंदच होत नाही! पाच मिनिटं कुणी हात लावला नाही की काळी व्हायला हवी, तसं सेटिंग आहे. मी अंघोळ केली, कपडे वाळत टाकले, परत आले – तरी ही आपली लख्ख! रिकाम्या खोलीत साधा दिवा जळताना दिसला तरी माझा जीव खालीवर होतो. त्यात लॅपटॉप ह्यांच्या पलंगाला लागूनच. टाइपिंग करता करता ह्यांच्याकडे लक्ष राहावं म्हणून मीच तिथे टेबल मांडलंय. उजेड थेट ह्यांच्या डोळ्यांवर. दुपारची झोप लागणार कशी?

फिजिओबाईंना उजव्या हाताचं विचारलं. हलेल का? "वाट बघू," म्हणाल्या. ह्यांना झटका आल्यापासून हे दोन शब्द ऐकून कान किटले.

मंगळवार, ४ मार्च

लेकीला फोन. तिने तिकडून सांगितलं तसं सगळं केलं. पाचाचं एक मिनिट केलं, बंद करून चालू केला. पालथ्या घड्यावर पाणी! ह्यांना म्हटलं, लॅपटॉप तुमच्या वळणावर गेलाय, झोप म्हटलं की टक्क जागा. हसले. हल्ली अर्ध्याच चेहऱ्याने हसतात. मला तेवढंही पुरतं.

बुधवार, ५ मार्च

स्क्रीनवरचा बाण मधूनच आपला आपण थरथरतो. चष्म्याचा नंबर वाढला बहुतेक.

गुरुवार, ६ मार्च

लेकीने आज व्हिडिओ कॉल करून अख्खी खोली दाखवायला लावली. मी फोन फिरवत होते, तर म्हणाली, थांब. बाबांच्या हाताखाली काय आहे?

माऊस. ह्यांचा जुना. ओळखीची वस्तू हाताखाली राहू द्या, असं फिजिओबाई म्हणाल्या होत्या. ह्यांनी नोकरीभर कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढले, मग माऊसपेक्षा ओळखीचं काय असणार? म्हणून गादीवरच ठेवला, वर ह्यांचा पंजा. तार नाही म्हणजे जोडलेला नाही, असा माझा हिशोब! लॅपटॉपच्या कडेला नखाएवढं काहीतरी खोचलेलं आहे, ते मी रोज मन लावून पुसते. ते ह्या माऊसचंच निघालं. काखेत कळसा!

मग लेक हळूच म्हणाली, "आई, माऊस हलतोय. म्हणून स्क्रीन जागी राहते."

माऊस हलतोय म्हणजे – नको, लिहीत नाही. दृष्ट लागायची.

शुक्रवार, ७ मार्च

फिजिओबाई दारात असतानाच सांगून टाकलं. ह्यांच्यादेखतच. लहान मुलीसारखी नाचत होते मी! बाई वाकून कितीतरी वेळ हात बघत राहिल्या. मग त्यांनी गादीच्या मोटरचा प्लग काढला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आहे ना – मोटर तिचे कप्पे आळीपाळीने फुगवते, सोडते.

मिनिटभरात स्क्रीन काळी.

स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं. ह्यांच्यासमोर कशाला बोलले मी! बाहेर आले तर हे माझीच वाट बघत होते. एकेक शब्द जुळवत म्हणाले, "गादी... माझ्यापेक्षा... हुशार."

मी हसले. मग पुन्हा रडले, ह्या खेपेला ह्यांच्या खांद्यावर. हे डाव्या हाताने पाठ थोपटत राहिले. असा माणूस मला अर्धा कसा चालेल? अख्खा हवाय.

शनिवार, ८ मार्च

माऊस काढून ठेवणार होते. फिजिओबाई नको म्हणाल्या. रोज तासभर मोटर बंद करायची, पलंगावर सरकतं ते जेवणाचं टेबल आडवं घ्यायचं आणि त्यावर माऊस, माऊसवर हात. आता हलला तर तो त्यांनीच हलवलेला, म्हणाल्या.

मंगळवार, ११ मार्च

स्क्रीन कशी वेळेवर काळी होते. दुरुस्त झाली म्हणायची! लेकीने विचारलं, आता बरी आहे ना? हो म्हटलं. खरं म्हणजे तिच्याकडे बघवत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

काळी.

बुधवार, १९ मार्च

पलंगाशी खाली बसून ह्यांच्या सदऱ्यांच्या घड्या घालत होते. स्क्रीन कधीचीच विझलेली. एकाएकी हातातल्या सदऱ्यावर उजेड पडला. वर बघते तर पेटलेली! आधी मोटर बघितली – प्लग काढलेलाच. टेबलाला माझा धक्काही नव्हता.

"गादी?" मी विचारलं.

"मी," हे म्हणाले.