जुन्या फळ्यांवरचं स्वागत

४ नोव्हेंबर
पोचलो. तीस वर्षं संस्कृत शिकवून जे साधलं नाही ते आज साधलं: माझ्या अक्षराचं कोणीतरी कौतुक केलं. लेकीची इथे बदली झाली, तिच्यामागे शेपटासारखा मी आलो, आणि घरासमोरच्याच कारखान्यात मला काम मिळालं. पाडलेल्या घरांचं लाकूड आणायचं, त्याच्या पाट्या करायच्या, आणि लोकांनी त्या नव्या घराला लावून घर जुनं दाखवायचं. सुतारकाम मालकीणबाईंचं, अक्षरं माझी. त्यांना म्हटलं, ‘स्वागतम्’मध्ये एक ‘सु’ आधीच आहे, ‘सुस्वागतम्’ कशाला? म्हणाल्या, गिऱ्हाइकाला दोनदा बरं वाटतं. व्याकरण हरलं.

७ नोव्हेंबर
लाकूडवाल्याने चार सागवानी फळ्या आणल्या. एका अंगाला खोल ओरखडे, चार-चारच्या ओळीत. मी रंध्याला हात घातला तशा मालकीणबाई खवळल्या. म्हणाल्या, गुरुजी, म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांना इस्त्री करता का? गिऱ्हाईक याच खुणांसाठी येतं. मग त्याच अंगाला तेलाचा हात दिला आणि पांढऱ्या रंगात लिहिलं: ‘या, घर आपलंच आहे.’ मजकूर माझाच. एक पाटी शिंपीणबाईंनी नेली, एक औषधवाल्याने, एक कारखान्याला लागली. चौथी मी लेकीच्या खोलीवर लावली. ती म्हणाली, घर आपलंच आहे हे पाटी लावून सांगावं लागतंय, म्हणजे बाबा, तुमचं वय झालं.

१२ नोव्हेंबर
शिंपीणबाई पाटी दाखवायला आल्या. नवे ओरखडे. मांजर असेल, मी म्हटलं. माझ्या खांद्याएवढं मांजर नसतं, त्या म्हणाल्या. जुने ओरखडे काळे पडलेले, हे मात्र ताजे, आतलं लाकूड दिसतं आहे. माझं एकही अक्षर दुखावलेलं नाही, सगळ्यांना वळसा घातलेला. वाचता येत असावं त्याला, अशी कोटी केली. बाई हसल्या नाहीत.

१५ नोव्हेंबर
शिंपीणबाई नाहीत. दार सताड उघडं, मशीनच्या सुईखाली अर्धी बाही. पाटी काढून आणली.

१६ नोव्हेंबर
औषधवालाही गेला. भर दुपारी, समोर रांग असताना. औषध काढायला आत वळला तो आलाच नाही, असं लोक सांगतात. त्याचीही पाटी आणली. मालकीणबाईंनी त्यांची माझ्या हातात दिली आणि कारखान्याला कुलूप लावून गाव सोडलं.
लाकूडवाल्याला गाठलं. तो म्हणाला, या चार फळ्या एका खोलीच्या चौकटीवर आडव्या ठोकलेल्या होत्या. आत खाट, खाटेवर माणसाची हाडं. म्हणजे हे ओरखडे काढणारं जे काही आहे, त्याच्यासकट कोणीतरी स्वतःला कोंडून घेतलं होतं. आम्ही ते मोकळं सोडलं. आणि मी सुवाच्य अक्षरात घरी बोलावलं.

१७ नोव्हेंबर
लेकीच्या पाटीवर ओरखडे. पाटी काढली, तर दारावर. तिला घेऊन निघालो. बसमध्ये तिच्या सीटच्या पाठीवर— चार ओरखडे. परत आलो. पळून उपयोग नाही.

१८ नोव्हेंबर, सकाळ
बोलावणं माझं, तेव्हा ते कोंडायचंही माझ्यासकट. ठोकायचं तिने, बाहेरून. ती नाही म्हणाली. रडली. “जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलंत, एकदा आपल्या पोरीचं ऐका.” ऐकलं नाही. दोन दिवसांनी उघड, असं सांगितलं. खोटं आहे ते.

दुपार
मी आत. खोलीचं दार आतल्या बाजूला उघडं, फळ्या चौकटीवर. खिळे जुन्याच भोकांत घाल, भोकांचं रुंद तोंड, जिथे जुन्या खिळ्यांची डोकी बसली होती, ते बाहेर ठेव, म्हणजे फळी फुटणार नाही, असं शिकवलं होतं. रडते आहे, पण खिळा सरळ जातो.
दुसरी.
तिसरी.
चौथी. झालं.

शांत आहे. इथे काहीच नाही. मी आणि खाट.

माझ्या बाजूने फळ्या गुळगुळीत. एकही ओरखडा नाही— एकही.
खिळ्यांची डोकी बाहेर. ओरखडेही बाहेर. म्हणजे ते आत कधी नव्हतंच. जो ठोकत होता, त्याच्या पाठीमागे होतं ते— आतला माणूस नुसता राहून गेला.
आणि माझी अक्षरं तिच्या बाजूला.

ओरडलो. उपट म्हटलं. पक्कड तिच्याकडे नाही. हातोडीच्या मागच्या बाजूने एक खिळा निघतो आहे, म्हणाली. मग थांबली.
“बाबा, तुम्ही ओरखडताय?”
मी नाही, बाळा. मी नाही.

जो या फळ्या उपटेल त्याने त्या जाळाव्यात. त्यावर काही लिहू नये. म्हणून लिहितो—
फटीतून तिची बोटं आली. डाव्या हाताने धरली आहेत. फट तेवढीच. बाकीची ती बाहेर.
ती काही बोलत नाही. ओढ आहे— तिची नाही ही ओढ— बोटं गार— मी सोडणार ना