एक साल निघतंय

तीर्थरूप परशुराम दाजी यांस,

रामनगरहून तुमचा मेहुणा दत्तप्रसाद याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग अशासाठी, की पत्र वाचून होईपर्यंत मला उठायला सांगू नका.) मस्कतचा उकाडा सोसतोय ना? आक्काचे गुडघे कसे आहेत? इकडे सगळे खुशाल आहेत. गाडीही खुशाल आहे, म्हणजे तिचं इंजिन.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या मातोश्रींचं, म्हणजे आमच्या यमुनामावशींचं, दिवसकार्य उरकून परत जाताना तुम्ही गाडी माझ्या दारात ठेवलीत आणि एकच सांगितलंत, की बॉनेटवरच्या ‘श्री’ला जप. मावशींना लिहिता येत नव्हतं. हे एक अक्षर तेवढं त्या शिकल्या होत्या, आणि गाडी घेतलीत त्या दिवशी तांबड्या ऑइलपेंटमध्ये बोट बुडवून त्यांनी ते काढलं. “कुंकू पावसात धुऊन जातंय, ह्ये ऱ्हातंय बग,” असं मलाच म्हणाल्या होत्या. पण आमचा पाऊस कॅसलरॉकला उतरतो आणि रामनगरला मुक्काम ठोकतो (जावयासारखा, राग मानू नका). त्यात दारातल्या फणसाचा चीक. अक्षराची कड सुटायला लागली, आणि माझा जीव कासावीस झाला.

तेवढ्यात बेळगाव रस्त्यावर धारवाडकडचा एक स्प्रेवाला आला, बसप्पा नावाचा. रबराचा रंग मारायचा, खालचं सगळं सुरक्षित, नको झाला की सोलून काढायचा. मी विचारलं, सोलताना त्रास? तो छातीवर हात ठेवून म्हणाला, “एक साल निघतंय बघा, आरामात!” आता फळाची साल निघते, निघतंय नव्हे. पण कानडी माणूस मराठी बोलताना लिंगाचा घोळ घालणारच, म्हणून मी मोठ्या मनाने त्याचं व्याकरण मनातल्या मनात दुरुस्त केलं आणि समजलो, की अख्ख्या बॉनेटची एकच साल निघते. बिनरंगी रबर संपलं होतं म्हणून काळं मारलं. (गाडी म्हशीसारखी दिसू लागली, पण म्हैस तरी कुठे वाईट दिसते?) ‘श्री’वर मात्र मी हट्टाने चार हात जास्त मारून घेतले.

आता दुसऱ्या वर्षाच्या श्राद्धाला तुम्ही येणार, म्हणून सोलायला बसलो. साल कसली! वाळलेल्या भाकरीसारखा चुरा पडायला लागला. नखं गेली, उलथनं वाकलं, घरातली बोलायची बंद झाली. तावातावाने बसप्पाकडे गेलो. तो म्हणाला, “व्हय की, एक साल निघतंय म्हटलो न्हवं? वरीस झालं. वरीस झाल्यावर उन्हानं कडक होतंय, मग सुटत न्हाई.” दाजी, त्याचं मराठी शुद्ध होतं. घोळ माझ्या कानात होता. वर्षाच्या आत काढलं असतं, तर केळ्यासारखं सोललं गेलं असतं. फार वाईट वाटतं. तरी ‘श्री’च्या जागेला मी हात लावलेला नाही, ती रबराखाली सुखरूप आहे. काळजी नसावी.

तुमचा,
दत्तप्रसाद

ता. क. गाडी बघायला तुम्ही येऊच नका असं सुचवणार होतो. आता म्हणतो, या, पण आधी घरात या.

ता. ता. क. वर लिहिलं ते खोटं आहे. हात लावला. रबर जाड होतं तिथे साल निघाली, अखंड, आणि अक्षर तिच्यासोबत आलं. बॉनेटवरची ती जागा कोरी आहे. सालीच्या आतल्या बाजूला ‘श्री’ उलटी चिकटली आहे. आरशासमोर धरली की सुलटी दिसते, आणि शेवटी बोट उचललं तिथे मावशींच्या बोटाच्या रेषाही. बॉनेटवर त्या कधी दिसल्या नव्हत्या, रंगाच्या खालच्या अंगाला होत्या. आक्काला हे तुम्हीच सांगा, दाजी. मी दोनदा फोन लावला आणि गुडघ्यांचं विचारून ठेवून दिला.