चहा न पाजणारी पेठ

ती. सौ. विजयमाला अक्का,

जय जिनेंद्र आणि नमस्कार (उभ्यानंच, डोकं खाली घातलं की गरगरतं, तेव्हा पाया पडणं तेवढं बाकी ठेव). दाजींचा गुडघा बरा असेल, तुझा आवाज होता तेवढाच असेल. मोबाईलकडं बघितलं की कपाळात ठणकतं, कागद थोडा थोडा सोसतो, म्हणून पत्र.

तर झालं असं. फुटबॉलच्या साखळीतल्या मॅचला कॉर्नर आला. हेडर मारायला मी उडालो, पलीकडच्या पेठेचा बॅक शहजाद उडाला, आणि बॉल सोडून आम्ही एकमेकांची डोकीच मारली. उठून मी आपल्याच गोलकडं निघालो म्हणे (ते मी एकदा शुद्धीतही केलंय). आईनं मला अंधाऱ्या खोलीत घातलं आणि टाळूवर तेल थापलं. पण डॉक्टर क्रांती मॅडम म्हणाल्या, झोपलास तेवढं बास. आता रोज न थांबता झपझप चालायचं, धाप लागावी पण बोलता यावं, डोकं दुखायला लागलं की आवरतं घ्यायचं. अशानं मेंदू लवकर ताळ्यावर येतो. त्यांनी पास केलं तरच फायनल, आणि फायनल शहजादच्याच टीमशी!

अक्का, आपल्या पेठेत न थांबता चालून दाखव तू! दारातच, "काय भावा, डोस्कं कसं हाय? चहा घेतल्याबिगर गेलास तर परत फोडीन." पुढं एकानं म्हैस आणलेली, तिची शिंगं बघणं भाग होतं (शिंगं झकास, पण नजर कपटी). मग मिसळ. नाडी मोजायला मॅडमनी हातात घड्याळ बांधलंय. ते बघून म्हणाल्या, "सगळा वेळ नाडी खुर्चीत बसल्यासारखी. इथं एकदाच उडालीय, तेव्हा काय केलंस?" म्हटलं, "मिसळीवर झणझणीत कट वाढून घेतला." आठवडाभर असंच चाललं तर फायनलला बाकावर बस, म्हणाल्या.

मग सुचलं! पलीकडच्या पेठेत मला कोण चहा पाजतंय? गेलो. सगळी डोळे वटारून बघतायत, कोणी हूं की चूं करेना. काय सुंदर चालणं झालं! एवढ्यात समोरून शहजाद. मी वळलो, तो मागं लागला. मी चाल वाढवली, त्यानं वाढवली. पळायला मला मनाई, आणि का कोण जाणे तोही पळेना, त्यामुळं बदकांची शर्यत लागल्यागत आम्ही अख्खी गल्ली पार केली. शेवटी तो ओरडला, "थांब की लेका, डोकं दुखाय लागलं!" माझंही लागलं होतं. दोघं डोकी धरून एका पायरीवर बसलो.

"मारायला आलायस व्हय?" मी विचारलं.

"न्हाय रं, डोस्कं कसं हाय ते इचारायचं हुतं. तुझ्याच पेठेत चालून यायलोय. तिथं कोण चहाला इचारत न्हाय. लई सुख!"

त्यालाही मॅडमनी हेच सांगितलेलं! तेव्हापासून जोडीनं चालतो. पण आता दोन्ही पेठा आम्हाला अडवतात आणि चूक कुणाच्या डोक्याची होती यावर भांडतात. चालणं परत बंद.

थोरामोठ्यांना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
वृषभ

ता. क. रविवारी आम्ही दोघं तुझ्याकडं वडगावला राहायला येतोय. तिथं आम्हाला कोण ओळखत नाही, मनसोक्त चालता येईल. शहजाद कांदा-बटाट्याशिवाय जेवतो, आणि सूर्य मावळायच्या आतही जेवीन म्हणालाय.

ता. क. आईला त्याचं नाव सांगू नकोस. ती रोज त्याला शिव्या देते आणि त्या त्यानं समोर बसून, आमचा चहा पीत ऐकल्यात.

ता. क. त्याला तूप सढळ हातानं वाढ. फायनलला त्याला पळता येता कामा नये.

ता. क. अक्का, सलाम. पाकीट चिकटवायला ह्यानं माझ्याकडंच दिलं. तूप मला चालतंय, लाजू नका. फकस्त जेवढं मला, तेवढंच ह्यालाबी वाढा. मॅच बराबरीची व्हायला पायजे. – शहजाद