शापापाशी अडलेला राजा

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी टेबलावर पालथं ठेवलं असशील आणि चहा संपल्यावरच उघडलं असशील. घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईपेक्षा कमीच. मला एक कोडं पडलं होतं. ते सुटलं, आणि सुटल्यापासून मी जास्तच बेचैन आहे, म्हणून तुला लिहायला बसले.

पहिली बातमी म्हणजे बाबा पुन्हा स्टेजवर उभे राहिलेत. हो, तेच बाबा, जे नाट्यमंडळ सुटल्यावर कुणी नाटकाचं नाव काढलं की रेडिओचा आवाज वाढवायचे. मंडळाची नवी दिग्दर्शकबाई माझ्याहून लहान आहे आणि गळ्यात शिट्टी अडकवून हिंडते. ती एक दिवस थेट घरी आली आणि म्हणाली, मला न ओरडता थिएटर हलवणारा म्हातारा राजा हवाय. बाबांनी साफ नाही म्हणून सांगितलं. ती चपला घालत होती तेवढ्यात यांनी विचारलं, संहिता कुठली घेतलीये? झालं, आईने तिथेच ओळखलं आणि त्यांचा जाड चष्मा पुसून पुढ्यात ठेवला. मीही पुन्हा डाव्या विंगेत स्टुलावर बसून प्रॉम्प्टिंग करते.

हे नाटक तुला आठवणार नाही. बाबांनी तरुणपणी त्यात राजपुत्राचं काम केलं होतं, तेव्हा तू रांगत होतास आणि माझा तर पत्ताच नव्हता. एक म्हातारा राजा भर दरबारात मुलाला राज्य देऊन टाकतो, पण राजमुद्रा मात्र स्वतःच्या कमरेला ठेवतो. साधं फर्मान काढायचं तरी मुलाने बापाच्या दारात उभं राहायचं. शेवटी मुलगा प्रधानाशी संधान बांधतो, मुद्रा हिसकावतो आणि बापाला गडाबाहेर काढतो. राजा मुलाला शाप देतो, आणि पुढचे दोन अंक वेडापिसा होऊन रानात भटकतो. प्रेक्षक राजासाठी डोळे पुसतात. मी बसते तिथून मात्र राजाची पाठ दिसते आणि समोर राजपुत्राचं तोंड. रोज ते तोंड बघून मला प्रश्न पडतो की मुद्रा सोडायची नव्हती तर राज्य दिलं कशाला? दगा नेमका आधी कुणी केला?

मी आपल्या घराबद्दल बोलत नाहीये असं समजू नकोस, बोलतेच आहे. बाबांनी मंडळ तुझ्या हाती दिलं, पण कुठल्या नाटकात कुणाला घ्यायचं ते त्यांना विचारूनच. पडदा कुठल्या रंगाचा तेही त्यांना विचारूनच. मग त्या सभेत त्यांना काढायचा ठराव आला आणि तू इतरांबरोबर हात वर केलास. मला तुझा भयंकर राग आला होता. थोडा अजूनही आहे. पण तेव्हा मी फक्त बाबांचं तोंड बघितलं, तुझं बघितलंच नाही, हे मला आता या स्टुलावर बसून कळतंय.

तर कोडं असं. बाबांना सगळं नाटक पाठ आहे. रानातली ती लांबलचक स्वगतं ते डोळे मिटून म्हणतात. फक्त शापापाशी येऊन अडायचे. राजपुत्राकडे बघायचे, ओठ हलायचे आणि शब्द नाही. रोज तेच. शेवटी दिग्दर्शकबाईने मला बाजूला घेऊन सांगितलं की रंगीत तालमीपर्यंत शाप आला नाही तर राजाचं काम दुसऱ्याला द्यावं लागेल. तो दुसरा म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांचा आवाज छान आहे आणि ते त्यांना पक्कं माहीत आहे. बाबांना दुसऱ्यांदा स्टेजवरून उतरवलं असतं, तर ते पुन्हा कधी चढले नसते.

विसरत असतील म्हणावं, तर विसरलेला नट आधी प्रॉम्प्टरकडे बघतो. बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. मी ओळ दिली की मागे हात करून मला गप्प करायचे. आणि घरी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींना हाच शाप असा खणखणीत द्यायचे, की शेजारीण खिडकी लावून घ्यायची. मग एकदा राजपुत्र तापाने आला नाही. त्याला सगळे उंच्या म्हणतात. त्याच्या जागी दिग्दर्शकबाई स्वतः उभी राहिली आणि बाबांनी शाप असा दिला, की सेटवाल्या सुताराने हातोडी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी उंच्या परत आला आणि बाबा पुन्हा मुके. बरं, उंच्यावर राग म्हणावा तर आपल्या डब्यातला अर्धा घास त्याच्यासाठी काढून ठेवतात.

मी उंच्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायला लागले. तो बिचारा अंगावर काही सांडलंय का बघायचा. आणि मग दिसला तो कोट. राजपुत्राचा जड झगा शिवून व्हायचा होता, तोवर खांद्यांना वजनाची सवय व्हावी म्हणून कपडेपटातल्या मावशींनी त्याला एक जुना लांब कोट घालायला दिला होता. तपकिरी, आणि छातीच्या खिशाशी फुटलेल्या पेनाचा डाग. दादा, तो तुझा कोट. गाव सोडताना मंडळाच्या ऑफिसच्या खुंटीवर ठेवून गेलास, तो तिथेच लटकत होता. मावशींना काय माहीत? त्यांनी फक्त वजन बघितलं.

मग मी माझी अक्कल चालवली. कोट लपवला आणि उंच्याच्या खांद्यावर एक जाडजूड घोंगडी टाकली. त्या तालमीत बाबांनी शाप दिला. दिग्दर्शकबाईने आनंदाने शिट्टी फुंकली, काम पक्कं झालं, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

घरी येताना बाबा सारखे मागे पडत होते. कोपऱ्यावरच्या दिव्यापाशी थांबले आणि म्हणाले, "कोट कुठे ठेवलास गं?" त्यांनी तो पहिल्याच दिवशी ओळखला होता. आणि मग, मी न विचारता, त्यांनी ती संध्याकाळ सांगितली. सभेनंतर तू घरी आलास तेव्हा मी नव्हते, आणि आईने त्याबद्दल आजवर अक्षर काढलेलं नाही. बाबा म्हणाले, "तो दारात उभा होता, तोच कोट घालून. मी म्हणालो, आजपासून मला पुत्र नाही. तुझी सावलीसुद्धा माझ्या उंबऱ्यावर पडू नये." मी रस्त्यातच उभी राहिले. दादा, ही नाटकातल्या शापाचीच ओळ आहे, शब्दन् शब्द. राजपुत्र असताना प्रत्येक प्रयोगात त्यांनी ती स्वतः ऐकून घेतली होती. "रागात मला स्वतःचं एक वाक्य सुचलं नाही गं," ते म्हणाले. "दुसऱ्याचं उचललं. आणि पोराला वाटलं, बाप मनापासून बोलतोय."

पुढच्या शनिवारी संध्याकाळी पहिला प्रयोग आहे. तू आला नाहीस तरी तो होईल, बाबांचं कामही जाणार नाही, तेव्हा तुझ्या गळ्याला काही दोर लावत नाहीये. सभेबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. मी, आणि विचारलं नाही! त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की त्याला कळव, एकदा समोर बसून ऐक म्हणावं. ती ओळ कुठून आली होती ते त्याला कळू दे. इतक्या वर्षांत त्यांनी तुला धाडलेला हा पहिला निरोप, म्हणून तो जसाच्या तसा लिहिला. माझं म्हणणं त्याहून लहान आहे. तू ये, दादा. शाप ऐकायला ये.

तुझीच,
चोंबडी