मोडलेली भाकरी

सोलापूर

ऋतुजाच्या बाबांना मायाक्काचा नमस्कार.

फोनवर माझा आवाज ऐकून काळजी कराल, म्हणून लिहितेय. मी बरी हाय. मनगटाला जरा कळ येते, शेकलं की थांबते. सांगोल्यात टँकर येतोय न्हवं? कोकरं कशी हायत?

खानावळीत वैजयंती नवी आलीय. तिला भाकरी थापायला मीच शिकवते. हितली रीत अशी की शिकणारीनं बिघडवलेली भाकरी शिकवणारीनं खायची. रोज तिच्या मोडलेल्या, करपलेल्या भाकरी खाऊन लई वैतागले होते.

आज तिची एकबी बिघडली न्हाय. तव्यावर टाकताना माझीच मोडली. वैजयंतीनं ती आपल्या ताटात घेतली.

तुमी शिळं खाऊ नका.

तुमची,
मायाक्का